भाकरीपर्यंतचा उजेड

क्वार्टर गेटच्या अलीकडे, नाना पेठेत,
सायकलच्या दुकानावर मकासऱ्यांचा स्टुडिओ होता.
डार्करूम म्हणजे आधीची मोरी,
खिडकीला काळं रेक्झिन, लाल बल्ब,
आणि एन्लार्जरचं घड्याळ बंद पडलेलं, कायमचं.

"घड्याळ कशाला?" शांतवनमामा म्हणाले.
"प्रभूची प्रार्थना येते ना? घाई न करता म्हण.
साधी निगेटिव्ह असेल तर भाकरीपर्यंत.
भाकर मागितली की दिवा बंद."

मी सतरा वर्षांचा. दृढीकरण नुकतंच झालेलं.
देव कोण, कसा, कुठे,
पाळकसाहेबांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं
पाढ्यांसारखी पाठ.
दिवसातून साठ-सत्तर वेळा मी स्वर्गातल्या बापाला हाक मारायचो
आणि भाकर मागून दिवा मालवायचो.
पासपोर्टची माणसं, बाप्तिस्म्याची बाळं,
स्थळांसाठी आलेल्या मुली, खांदा जरा तिरका.
अकरा वर्षं.
भाकरीच्या पुढे काय आहे ते ठाऊक होतं,
रविवारी सगळ्यांबरोबर म्हणायचोच की.
पण अंधारात, एकट्यानं,
तिथवर कधी जावं लागलं नाही.

मग एका नाताळाआधी आईनं आल्हादचा फोटो मागितला,
मोठा करून, भिंतीवर लावायला.
आल्हाद माझा थोरला भाऊ.
तिचं शिलाई मशीन विकून, माझ्या फीचे पैसे घेऊन
शारजाला गेलेला.
वर्षाला एक कार्ड यायचं, सोनेरी कडेचं.
जाण्याआधी भर उन्हात काढलेली ती निगेटिव्ह,
दाट, कोळशासारखी.
मामांनी बल्बसमोर धरली.
"ह्याला भाकर पुरायची नाही. पुढे जा."

गेलो.
भाकर मागितली, दिवा तसाच.
पुढची ओळ आली, ऋण्यांची.
विसरलो नव्हतो.
पण मशीन जिथं असायचं
तिथले फरशीवरचे चार पांढरे डाग समोर आले
आणि जीभ तिथंच बसली.
किती वेळ उभा होतो कोण जाणे.
कागद ट्रेमध्ये टाकला, तर भाऊ आला
आणि थांबलाच नाही,
काळा होत गेला: कपाळ, दात, कॉलर,
सगळं बुडालं.

मामा रागावले नाहीत. कागदाचे पैसे मात्र कापले.
"उजेडाची चूक नाही," म्हणाले,
"तू मध्येच उभा राहिलास."

दुसरा कागद. पहिल्यापासून.
त्या ओळीवरून कसा गेलो ते सांगता येत नाही.
पूर्ण गेलो असंही नाही;
लंगडत, पण न थांबता.
आमेनला दिवा बंद.

ट्रेमध्ये आधी काळं येतं.
केस, बुबुळं, कोटाची बटणं, नाकाखालची सावली.
चेहरा सगळ्यात शेवटी,
आणि तो कुठून येतो ते हजारदा पाहूनही सापडत नाही;
पांढऱ्यावर पांढरंच असतं, मग एकदम गाल असतो.

देवाचं माझ्यापुरतं असंच चाललंय.
आधी काळं आलं:
बाबांची ससूनमधली खाट,
आमचं पहिलं मूल, नाव ठेवायच्या आत.
वाटलं, एवढाच फोटो.
चिमट्यानं उचलून फेकणारच होतो,
कुणीतरी मनगट धरलं.
कुणी, ते लाल उजेडात ओळखू आलं नाही.
गाल अजून आलेला नाही.
कपाळाची कड, कदाचित.

आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
आल्हाद परत आलाय. पंचहौदला माझ्याच बाकावर बसतो,
गुडघे टेकवत नाहीत त्याला.
मशीनचा विषय दोघांनीही काढलेला नाही.
रविवारी मंडळी प्रार्थना म्हणतात, भराभर, एका दमात.
आमेन होतं, बाकं करकरतात, कुणीतरी खोकतं,
आल्हाद चष्मा पुसत माझ्याकडे बघतो.
मी अजून ऋण्यांच्या ओळीवर,
दिवा चालू.